एका दिवसापुरती जनावरं

आपलं हित कळणं ही एक गोष्ट आणि ते करणं ही दुसरी. या दोहोंच्या मध्ये जी प्रशस्त मोकळी जागा आहे, तीत सरकारने आरोग्यशिक्षणाची स्थापना केली.

१९५६ च्या सुमारास ते भोसरीच्या शाळेतही येऊन पोचलं. वयात येणाऱ्या मुलामुलींना शिकवण्याचं काम कुसुमताईंकडे आलं, कारण बाकीच्या तिन्ही मास्तरांना त्या दिवशी तातडीची कामं होती. (पुढे वर्षभर होती.) कुसुमताईंनी क्षयरोग असा शिकवला की शेकडा ब्याण्णव मुलं पास झाली. 'कोठे थुंकू नये?' या प्रश्नाला एका विद्यार्थ्याने गावातल्या एकूण एक जागेचं नाव लिहिलं, आणि पेपर देऊन बाहेर पडताच त्यातल्या पहिल्या जागी तो थुंकला.

मग क्षयाची लस टोचणाऱ्यांची गाडी आली. हजर दंड दोन. (दोन्ही पाहुण्या मुलांचे, त्यांना गावचा रिवाज ठाऊक नव्हता.) बाकी सर्व उत्तीर्ण मंडळी ओढ्यात लपली होती. "मंगळवारी पुन्हा येतो," डॉक्टर म्हणाले. "तेव्हाही हेच झालं तर चिखलीला जाईन. परत कधी येईन ते मलाच माहीत नाही."

कुसुमताईंनी हजेरीत पहिलं नाव शोधलं ते सातवीतल्या भागूचं. तिचा चुलता मुंबईच्या गिरणीतून नुकताच खोकला घेऊन घरी परतला होता, आणि घर एका खोलीचं. इतर मुलांची काळजी त्या नोकरीचा भाग म्हणून करत. या पोरीवर त्यांचा जीव होता.

"भागू, तू परीक्षेत पहिली आलीस. मग पळालीस का गं?"

"समद्या पळाल्या, बाई."

आरोग्याच्या मानसशास्त्रावर याहून नेमकं कोणी बोललेलं नाही.

त्या संध्याकाळी कुसुमताई तिच्या घरी गेल्या. बाप बबनराव गोठ्यात होता. मंगळवारच्या यात्रेतल्या शर्यतीच्या बैलाला त्याने दुपारीच घटसर्पाची लस टोचून आणली होती आणि आता टोचल्या जागी तो हळद लावत होता.

"बैलाला टोचलंत, मग पोरीला का नाही?"

"बाई, बैल मुका हाय. काय व्हतंय ते त्यो सांगत न्हाई, म्हून आदीच टोचावं लागतं. पोरीला तोंड हाय की. दुकलं तर सांगंल."

"आबा, पर सांगूस्तवर—" भागू म्हणाली.

"तू गप!" बबनराव म्हणाला. (तोंड असण्याचा हा फायदा.)

कुसुमताईंनी बैलाच्या पाठीवर थाप मारली. "बरं, मग मंगळवारपुरती तिला मुकी समजा," त्या म्हणाल्या. बबनरावाला यात गैर काही दिसेना.

दुसऱ्याच दिवशी कुसुमताईंच्या सूचनेवरून यात्रा कमिटीचे प्रमुख अर्जुनराव यांच्या अध्यक्षतेखाली ठराव झाला: 'वय वर्षे बारा ते सोळा यांमधील सर्व विद्यार्थ्यांस येत्या मंगळवारी, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, गावची जनावरे समजण्यात यावे, व न टोचलेल्या जनावरास यात्रेच्या मैदानात प्रवेश नाही, हा नियम त्यांस लागू व्हावा.' ठराव एकमताने मंजूर. (कडब्याबाबतचा नियम वगळावा, ही एका आईची उपसूचनाही मान्य झाली.)

मंगळवारी यात्रेच्या मैदानात डॉक्टरांचं टेबल मांडलं गेलं आणि हलगी वाजू लागली. कपाळाला गुलाल लावून बापांनी आपापली पोरं मैदानात आणली. "आमचं खोंड हललंसुदिक न्हाई!" असं एक जण ओरडला, तेव्हा पुढच्याने आपल्या लेकाला दोन्ही दंड पुढे करायला लावले. कोणीच पळेना, म्हणून कोणीच पळालं नाही. भागूने डोळे मिटून दंड पुढे केला. बबनरावाने सुई निघताच हळद काढली. डॉक्टरांनी त्याचा हात वेळीच धरला. कुसुमताईंना इतका आनंद झाला की त्या मैदानातच रडल्या.

शेकडा शंभर! खूश होऊन डॉक्टर म्हणाले, "आता मोठ्यांनी या. छाती तपासतो." एवढं ऐकून हलगीवालासुद्धा दिसेनासा झाला. अर्जुनरावांनी जाता जाता 'प्रौढ माणसे ही जनावरे नव्हेत' हा दुसरा ठराव मांडला आणि तोही एकमताने मंजूर झाला.

"बाई, तुम्ही तरी या," डॉक्टर म्हणाले. "मघापासून खोकताय."

"धुळीनं हो," कुसुमताई म्हणाल्या. "मला काय झालंय? यात्रा तर होऊ दे."

भागूने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना टेबलापर्यंत ओढत नेलं.

वाचकहो, आपण सुशिक्षित आहात, सगळं जाणता, आणि इथवर मनमोकळं हसलातही. दिवाळीनंतर बघू म्हणून आपण जे ठेवून दिलंय, त्याबद्दल आम्ही अवाक्षर काढणार नाही. पण आपल्याला ओढून नेणारं कोणी आहे ना?