मिश्रा नव्हे, मेश्राम

आमच्या शेजारच्या गुलाब मेश्राम यांना कुणी चुकून 'मिश्राजी' म्हटलं तर ते भांडत नाहीत. "दोन मिनिट थांबा," म्हणतात, दारावरची लाकडी पाटी खिळ्यावरून उतरवतात, तिच्यावर काळ्या शाईचा रूळ फिरवतात, वर कागद ठेवून स्टीलच्या चमच्याची पाठ घासतात आणि तो कागद समोरच्याच्या हातात देतात. त्यावर ठसठशीत अक्षरांत उमटलेलं असतं : मेश्राम. शाई ओली असल्यामुळे माणसाला कागदाची घडीही घालता येत नाही. दोन्ही हातांत आरती धरल्यासारखा धरून न्यावा लागतो.

लखनौच्या महानगर नावाच्या भागात, कपूरथला मार्केटच्या मागच्या गल्लीत, आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. आम्ही साताऱ्याचे. आमचे हे एअरफोर्समधून निवृत्त झाले आणि आम्ही इथेच राहिलो. मेश्रामभाऊ भंडाऱ्याकडचे, एका सरकारी खात्यात नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली. लखनौत 'मेश्राम' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात आपोआप 'मिश्रा' तयार होतं, आणि चाळीस वर्षं भाऊ ते दुरुस्त करत आले आहेत. विजेचं बिल, बँकेचं पासबुक, लग्नाच्या पत्रिका. पत्रिका तर ते सरळ परत पाठवतात, वर लिहितात, 'या नावाचे गृहस्थ येथे राहत नाहीत.' गॅसवाल्याकडे त्यांचे सात कागद जमलेत. तो आता जपून फक्त 'बाबूजी' म्हणतो.

यात गंमत अशी की ती पाटी म्हणजे छपाईचा ठसाच असल्यामुळे तिच्यावरची अक्षरं उलटी आहेत. कुणालाच वाचता येत नाहीत. नवा माणूस आला की पाटीकडे पाहून गोंधळतो, गल्लीत विचारतो, गल्ली सांगते, 'मिश्राजी का मकान है', आणि मग पुढचं सगळं होतं.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, पाटी सरळ लावा ना. चुका होणारच नाहीत."

"पाटी सरळ कोरली का छाप उलटा येते, ताई," ते म्हणाले. "माणसानं ठरवा लागते, आपण सरळ दिसाचं का छाप सरळ सोडाचा."



लाकूड कोरायला ते चौक नावाच्या जुन्या बाजारात शिकले. चिकनच्या भरतकामासाठी कापडावर नक्षी उमटवायचे ठसे करणारे एक म्हातारे उस्ताद होते, त्यांच्याकडे नोकरीच्या काळात दर रविवारी जाऊन बसायचे. उस्तादांचं एक वाक्य ते अजून ऐकवतात : "भैया, लकड़ी माफ़ नहीं करती." कोरलं ते गेलं, परत भरता येत नाही. जे कोरून काढलं ते कागदावर पांढरं राहतं, जे ठेवलं ते काळं उमटतं.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी गेल्या. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर घराचा कारखाना झाला. भुसा कपात, भुसा उशीवर, भुसा पोह्यात. "शिसम आहे ताई, साधा भुसा नोहे," म्हणून मलाच धीर देतात. माणूस भेटला की आधी त्याचा चेहरा कोरायला किती वेळ लागेल ते सांगतात. आमच्या ह्यांना म्हणाले, "साहेब, तुमचं तोंड लय सोपं आहे. दोन घावात होते." चार दिवस ह्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

या सहा वर्षांत त्यांनी आपल्या घराण्याची बारा चित्रं केली. दुसऱ्याच्या शेतात राबणारे आजोबा. दीक्षेसाठी पांढरं लुगडं नेसून नागपूरला निघालेली आजी. घरातलं पहिलं पत्र मोठ्यानं वाचणारे वडील. आणि बारावं चित्र आईचं. आई अंगणात विड्या वळत बसलीय, मांडीवर तेंदूच्या पानांचं सूप. उजव्या बाजूला गुलाब, डाव्या बाजूला धाकटा सहदेव. आईचा एक हात सुपात, दुसरा सहदेवच्या डोक्यावर. खाली तिघांची नावं, आडनावासकट.

हजरतगंजातल्या एका हॉलमध्ये शनिवारी प्रदर्शन ठरलं. त्याआधीच्या सोमवारी दुपारी मी ढोकळा द्यायला भाऊंकडे गेले होते. तेवढ्यात बाहेर पांढरी गाडी आली. दारात न थांबता दोन घरं पुढे जाऊन थांबली. तिच्यातून साठीपुढचे एक गृहस्थ उतरले, आजूबाजूला बघत आत आले. हातात त्याच बाराव्या चित्राचा छाप होता. भाऊंनी तो त्यांना टपालानं पाठवला होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग भाऊंकडे. नाक एकच.

"ताई, हा सहदेव," भाऊ म्हणाले. "माझा लहान भाऊ. गोमतीनगरला राहते."

बारा वर्षं शेजारी राहून त्यांचा भाऊ याच शहरात असल्याचं मला माहीत नव्हतं. मी उठायला लागले तर भाऊ म्हणाले, "बसा. कोणीतरी पाहिजे."

सहदेवराव उभेच राहिले. "दादा, हे लावू नकोस."

"काहून?"

"तुला माहीत आहे काहून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझ्या राहुलचं लग्न ठरलंय. मुलीकडचे लोक गंजमध्येच राहतात, त्या हॉलपासून पाच मिनिटांवर. मुलीच्या वडिलांना शौक आहे, एकही एग्झिबिशन सोडत नाहीत. त्यांना काय सांगू? आम्ही त्यांच्यासाठी नागपूरकडचे मिश्रा आहोत. राहुललाही तेवढंच माहीत आहे."

मग मला उलगडलं. लखनौत आल्यावर दोघांनाही लोकांनी मिश्राच केलं होतं. एकानं चाळीस वर्षं दुरुस्त केलं, दुसऱ्यानं एक दिवस दुरुस्त करणं सोडलं. घर मिळालं, शेजार मिळाला, साहेबाच्या घरी जेवायचं आमंत्रण मिळालं. मग मागे फिरणं राहिलं ते राहिलंच.

"मी तुझ्या ऑफिसात आलतो एकदा," भाऊ म्हणाले. "सहदेव मेश्राम आहेत का, विचारलं. प्यून म्हणाला, इस नाम का कोई नहीं है. मागं तू उभा होता, फाईल घेऊन."

"दादा, ते जुनं झालं."

"हो ना. मी कुठं काही म्हणून राहिलो."

टेबलावर कोरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या, प्रत्येकीला चकचकीत धार. सहदेवराव त्यांच्याकडेच बघत होते.

"माझं नाव काढ त्यातून," ते शेवटी म्हणाले. "मलाच काढ. एवढं कर. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही."

"तुझं नाव तूच काढलं," भाऊ म्हणाले. "आता लाकडातूनही मीच काढू?"

सहदेवराव वळले आणि गेले. ढोकळ्याचा डबा माझ्या मांडीवर तसाच होता.

त्या आठवड्यात आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. एरवी सकाळी सातपासून भिंतीपलीकडून टक टक चालू व्हायची, तिचा मला वैताग यायचा. मंगळवारी ती आली नाही. मी दहादा भिंतीला कान लावला. ह्यांना तर सीमेवर परतल्यासारखं झालं. "पलीकडे कसलीही हालचाल नाही," म्हणून दर तासाला मला खबर देत होते.

"तुम्हाला काय वाटतं, काढतील?"

"मेश्राम? मरेल, पण काढणार नाही. आणि त्या भावानं हॉलवर येऊन तमाशा केला तर?"

बुधवारी हातोडीचा आवाज आला. दिवसभर. गुरुवारी पुन्हा शांतता, आणि ती मंगळवारच्यापेक्षा वाईट होती. दुपारी मी न राहवून बेल वाजवली. दार उघडलं नाही. "आहे मी, ताई. जा तुम्ही," एवढंच आतून आलं. शुक्रवारी सकाळी थोडा वेळ खरडल्यासारखा बारीक आवाज झाला. मग रुळाचा चिकट आवाज. मग काहीच नाही.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं हॉलवर गेलो. भाऊ इस्त्रीचा पांढरा सदरा घालून कोपऱ्यात उभे होते, नखांत शाई तशीच. भिंतीवर अकरा चित्रं पाहत पाहत मी बाराव्याशी आले.

सहदेव नव्हता. त्याच्या जागी मुलाच्या आकाराची कोरी पांढरी जागा होती. खालून त्याचं नाव गेलं होतं. पण आईचा हात होता तिथेच होता. बोटं किंचित वाकलेली, खाली डोकं असल्यासारखी. हात हवेत.

"अरे देवा," हे पुटपुटले.

मी मागे वळले तर दारात सहदेवराव. घामाघूम. चित्रातून आपल्याला काढलं की नाही तेवढं बघून परत जायचं, असा त्यांचा बेत दिसत होता. पण आत पाऊल टाकतात तोच मागून आवाज आला, "अरे मिश्राजी! आप भी?" उंचेपुरे, चष्मेवाले गृहस्थ आणि त्यांची पत्नी. मुलीकडचे! त्यांनी सहदेवरावांचा हात धरला आणि त्यांना घेऊनच चित्रं बघायला लागले.

पहिलं चित्र, दुसरं, तिसरं. त्या माणसाला खरंच शौक होता. प्रत्येकापुढे थांबत होता. सहदेवराव त्याच्या मागे सावलीसारखे. ह्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

बाराव्यापुढे ते थांबले. भाऊ तिथेच उभे होते.

"आपका काम है? वाह, साहब. आपका शुभ नाम?"

"गुलाब मेश्राम."

"मिश्रा?" गृहस्थ हसले आणि सहदेवरावांकडे वळले. "लीजिए, ये भी मिश्रा निकले!"

सहदेवराव जमिनीकडे बघत होते. भाऊंनी एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"जी नहीं. मेश्राम," ते नेहमीसारखे म्हणाले. "म पर मात्रा."

"अच्छा, अच्छा. माफ़ कीजिए." गृहस्थांनी चित्राकडे बोट केलं. "यहाँ कोई बच्चा था क्या?"

"मेरा छोटा भाई था."

"ओह. गुज़र गए?"

सहदेवरावांनी डोळे मिटले.

"नहीं जी," भाऊ म्हणाले. "यहीं है, लखनऊ में. अच्छा है. बाल-बच्चेवाला है."

"तो फिर निकाला क्यों?"

"उसी ने कहा था."

गृहस्थांना ते नीट कळलं नाही, पण त्यांची पत्नी पुढे झाली. बराच वेळ चित्र बघत राहिली. "भाई साहब, बच्चा निकाल दिया, तो हाथ क्यों छोड़ दिया?"

"हाथ अम्मा का है," भाऊ म्हणाले. "वो नहीं हटीं."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. सहदेवरावांच्या तोंडून काहीतरी चमत्कारिक आवाज आला, खोकल्यासारखा. "मैं ज़रा बाहर..." म्हणत ते निघाले ते निघालेच. खिडकीतून मी पाहिलं. गंजच्या फुटपाथवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मध्ये, ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. खूप वेळ. मग रिक्षात बसून गेले. आपली गाडी पलीकडे उभी आहे, याचाही त्यांना विसर पडला होता.

मला वाटलं होतं, ते परत येतील. एक फोन तरी करतील. हे म्हणाले, "येईल गं, रक्त आहे." आले नाहीत. दीड महिन्यानं राहुलचं लग्न झालं, गोमतीनगरच्या एका मोठ्या लॉनवर. मेश्रामभाऊंना आमंत्रण नव्हतं. तारीख त्यांना कुठून कळली कोण जाणे, पण कळली होती.

त्या दिवशी दुपारी मी भाकरी आणि भरली वांगी घेऊन गेले. भाऊ खिडकीजवळ बसून कोरण्यांना तेल लावत होते. अंगावर इस्त्रीचा सदरा होता. मी त्याबद्दल काही विचारलं नाही. ताट वाढून दिलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि थांबले.

मला राहवलं नाही. "भाऊ, तुमच्यासारखा हट्टी माणूस. नाही म्हणाला असतात तर कोण काय करणार होतं? का काढलंत त्याला?"

"लहान आहे तो," ते म्हणाले. जणू चौसष्ट वर्षांचा माणूस अजून अंगणातच खेळत होता. "कधी काही मागत नव्हता. मागितलं तर द्या लागते."

"कठीण गेलं असेल."

"पहिले पाय काढले. मंग सदरा. तो माझाच सदरा होता, त्याला ढिला व्हायचा. तिथवर हात बरोबर चालला." त्यांनी फडक्यानं एक बारीक कोरणी पुसली. "मंग तोंड आलं. गुरुवारी आखा दिवस मी त्याच्या कपाळावर हिचं टोक टेकवून बसून होतो, ताई. तुम्ही बेल वाजवली तवाही."

"मग?"

"मंग काय." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "शुक्रवारी सकाळी हळूच म्हटलं त्याला... दुखलं तर सांग बरं, सहद्या. मी थांबतो."