साठ भरीव बिस्किटं

रविवारी मुलगी रिकामी बॅग घेऊन येणार होती. घरात बिस्किटाचा एक पुडा जरी दिसला, तर बाबांचे कपडे त्या बॅगेत भरायचे आणि त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायचं, असं तिने फोनवर सांगून टाकलं होतं. मिस्त्रींची साखर वाढली होती. बायको होती तोवर चहाबरोबर दोन बिस्किटं मोजून मिळायची. ती गेल्यावर आठ महिन्यांत मिस्त्री दोनावरून अख्ख्या पुड्यावर आले. पण या घरातली प्रत्येक फरशी त्यांनी स्वतः बसवलेली, आणि कुठली कुठे ते बायकोने सांगितलेलं. ते सोडून जायची त्यांची तयारी नव्हती.

समोर राहणाऱ्या सिस्टरबाई आयुष्यभर नर्स होत्या. त्यांनी तोडगा काढला. तसलीच बिस्किटं घरी करायची. मैदा-साखरेऐवजी ओट्सचं पीठ, खजूर आणि बेताचं लोणी. कृती कागदावर लिहून दिली आणि वर स्वतःचा ओव्हनही दिला.

मिस्त्री कागद वाचताना एका ओळीवर अडले. बेकिंग पावडर घाला, म्हणजे बिस्किटं फुगतील. चाळीस वर्षं त्यांनी फरश्या बसवल्या होत्या. फरशी फुगली की मिस्त्रीची अब्रू गेली. त्यांनी पावडर वगळली. पीठ दाबू नका, हेही त्यांना पटलं नाही; आत हवा राहिली की माल पोकळ होतो. त्यांनी फरशी ठोकायची लाकडी थापी स्वच्छ धुतली आणि पीठ ठोकून ठोकून बसवलं. काटकोनात कापलं. भाजून झाल्यावर एकेकावर बोट वाजवून पाहिलं. साठच्या साठ भरीव. समाधानाने त्यांनी एक तोंडात घातलं आणि तसंच बाहेर काढलं.

टाकून देणं जिवावर आलं. आपलेच दात म्हातारे झाले असतील, अशी समजूत घालून त्यांनी एक बशी खालच्या मजल्यावरच्या टेलरना नेऊन दिली. टेलर भिडस्त. त्यांनी समोरच एक चावलं आणि कवळीचे दोन तुकडे झाले.

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून ते टेलरना घरी बोलावून सूप पाजू लागले. टेलरही एकटेच, सूप संपलं तरी ते उठेनात. सिस्टरबाई त्यांच्या हिरड्या तपासायला यायच्या आणि पत्ते पिसत बसायच्या. बायको गेल्यापासून या घरात तीन कप एकदम धुवायला पडले नव्हते. मिस्त्री ते सावकाश धुवायचे.

रविवारी मुलीने कपाटं उघडली, डबे हुंगले, गादी उचलून पाहिली. पुडा कुठेच नव्हता. टेबलावर तेवढा तपकिरी चौकोनांचा ढीग होता, आणि कोपऱ्यात सिस्टरबाई आणि टेलर पत्ते धरून बसले होते.

"फरशीचं सँपल आणलंत का?"

"बिस्किटं आहेत," मिस्त्री म्हणाले. "घरची. साखर नाही."

तिने एक आपटून पाहिलं. टेबलाला खाच पडली. असलं खाऊन दिवस काढण्यापेक्षा आजच्या आज निघा, असं म्हणत ती कपाटाकडे वळली. सिस्टरबाईंनी तिला खाली बसवलं. हे चावायचं नसतं, चहात चार मिनिटं बुडवायचं असतं, असं समजावून त्या घड्याळ धरून बसल्या. चार मिनिटं झाली. मुलीने एक खाल्लं, मग दुसरं बुडवलं. तरीही तिचं आपलं एकच, उद्या आजारी पडलात तर बघणार कोण.

तेव्हा कोपऱ्यातून टेलर बोबड्या आवाजात म्हणाले, "याला नेऊ नकोस, पोरी. माझी कवळी मोडलीय याने. नवी येईपर्यंत मला खाऊ घालायचं कबूल केलंय."

"मग कधी येणार नवी, काका?"

टेलरनी कपात पाहिलं. "माप द्यायला गेलोच नाही अजून. मला काही घाई नाही."

मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे.

"बरं. मग तुमचं माप होईपर्यंत राहू देत त्यांना इथेच."

मिस्त्रींनी टेलरच्या कपात आणखी एक बिस्कीट सोडलं आणि वरून गरम चहा ओतला.