मास्तरांचा उजवा पाय

“दगड बसेल ना, तसा बसेन!” टेलर मास्तरांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, तेव्हा बायको नुसतं ‘हं’ म्हणाली. तिचं तरी काय चुकलं म्हणा. मास्तरांचा उभा जन्म बसण्यात गेला खरा, पण मशीनवर, पाय चालवत. आता तो उजवा पाय जेवताना चालतो, झोपेत चालतो. शेजाऱ्यांच्या शोकसभेतसुद्धा इमानेइतबारे चालला होता.

बायकोला पक्ष्यांचं भारी वेड. दर रविवारी ती तिच्या ग्रुपबरोबर शहराबाहेर, खाडीच्या तोंडावरच्या बेटावर जायची. मग रिकामं घर मास्तरांना खायला उठायचं. शेवटी त्यांनी फारच गयावया केली, तशी तिने अट घातली.

“तोंडातून शब्द काढायचा नाही. जमलं तर दर रविवारी नेईन. नाहीतर तुम्ही आणि तुमचं मशीन.”

त्या रविवारी ग्रुप येणार नव्हता. होडीवाल्याने दोघांनाच बेटावर सोडलं, तेव्हा ओहोटी लागली होती. जिकडे तिकडे चिखल. बायकोने दुर्बीण लावली ती थेट पलीकडच्या काठावर. ग्रुपमधल्या झाडून सगळ्यांना दिसलेला आणि नेमका तिलाच हुलकावणी देणारा वाकडचोच्या तिला बघायचा होता. मास्तर तिच्या मागे दगडावर बसले, पाय चिखलात सोडून.

आधी नाक खाजलं. मग पाठ. मग एकदम आठवलं, दुकानाला कुलूप लावलंय ना? इस्त्री बंद केलीय ना? आणि विचारायची सोय नाही. झालं, पाय सुटला. चबक, चबक.

“पाय,” बायको मागे न बघता म्हणाली.

थांबला. पुन्हा सुरू झाला, पण आता बेतानं, रेशमी कापडावर चालवावा तसा. त्या हादऱ्याने चिखलातले किडे वर आले आणि किड्यांमागोमाग, मास्तरांच्या अंगठ्यापासून हातभर अंतरावर, ती लांबलचक वाकडी चोच उतरली.

मास्तर पेचात पडले. बोलावं तर रविवार गेला, न बोलावं तर पक्षी. त्यांनी बायकोची बाही ओढली.

“अहो, चुळबुळ नको.”

पुन्हा ओढली.

“लागली असेल तर त्या झुडपामागे जाऊन या,” दुर्बीण न हलवता ती म्हणाली.

पक्षी पोटभर जेवला, चोच पुसली आणि तिच्या डोक्यावरून निघून गेला. तिला दिसली फक्त शेपटी.

“हा कुठून उडाला?”

मास्तरांनी आधी खुणेनं विचारलं, बोलू का? मग सगळं सांगितलं.

“अहो, जन्मात एकदा गप्प बसलात, ते आजच?”

परतताना होडीत ती त्यांच्याकडे पाठ करून बसली. मास्तरांनी ओळखलं, संपले आपले रविवार. धक्क्यावर उतरताना ती म्हणाली, “पुढच्या खेपेला जरा लवकर निघू.”

मास्तर हरखले. “म्हणजे मला नेणार तू?”

“पायाला नेणार,” ती म्हणाली. “आता तो एकटा कसा येईल? तुम्हीही चला.”