न तापणारा सर्व्हर

पंचायत समितीतल्या कारकुनाला घरी सर्व्हर कशाला हवा, असं मला कुणीतरी वेळेवर विचारायला हवं होतं. (कुणी विचारलं नाही, हीच तर रड आहे.) माझे सासरे गंगाराममामा म्हणजे तारकर्लीत गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं, घालणारा पहिल्या मानाचा माणूस. नवी होडी पाण्यात घालायची असो की कुणाचं लग्न जमत नसो, देवापुढचा नारळ मामांच्याच हातात. ते गेले आणि त्यांच्या गाऱ्हाण्यांच्या कॅसेटींना बुरशी धरू लागली. माझी बायको योगिनी कासावीस झाली. मी छाती फुगवून म्हटलं, सगळं कॉम्प्युटरवर घेतो, कायमचं. घेतलं, आणि कॅसेटी टाकून दिल्या.

तो जुना कॉम्प्युटर चुलीसारखा तापायचा. पावसाळ्यात योगिनी त्याच्यावर पापड ठेवायची. मामांचा आवाज हवा तेव्हा ऐकता यावा यासाठी तो दिवसरात्र चालू ठेवायचा तर वीज फार, म्हणून २००९ साली मी घरच्या सर्व्हरसाठी नवा प्रोसेसर निवडायला बसलो. जेवतानासुद्धा माझ्या तोंडी वॅट. कुडाळचा दुकानदार पंख्याचा घ्या म्हणत होता. मी सगळ्यांत कमी वीज खाणारा, बिनपंख्याचा घेतला. एक गेली तर दुसरी असावी म्हणून डिस्कही दोन घातल्या. (केवढी ही दूरदृष्टी!) मामांचा आवाज त्यात भरला, जुनं धूड भंगारात दिलं आणि सर्व्हर कपाटात बंद केला.

योगिनीने त्याला हात लावून पाहिला. गार.

"तापना नाय तो कॉम्प्युटर कसलो? माजे पापड आता खंय ठेवू?"

मी तिला वीजबचतीवर भाषण दिलं. आज ते आठवलं तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पावसाळा आला. आमच्या खाऱ्या हवेत कडीकोयंडा टिकत नाही, तिथे सर्व्हरची काय कथा? जुना कॉम्प्युटर स्वतःच्याच उबेने कोरडा राहायचा, हे सर्व्हर बंद पडला आणि मी कपाट उघडलं तेव्हा कळलं. आत हिरवट थर आणि दोन्ही डिस्क गंजलेल्या. एकीच्या सोबतीला दुसरी गेली. त्या घेऊन मी पार पणजीपर्यंत फिरलो. सगळ्यांनी माना हलवल्या.

योगिनी भांडली असती तर बरं झालं असतं. तिने इतकंच विचारलं, "बाबांचो आवाज गेलो काय ओ?" मी घरातले सगळे खण उपसायला लागलो.

शेवटी तिच्या जुन्या मोबाईलमध्ये एकच तुकडा सापडला. पहिला कॉम्प्युटर घरी आणला तेव्हा मामांनी त्याच्यापुढे नारळ ठेवून घातलेलं गाऱ्हाणं. आम्ही दोघं कान लावून बसलो.

"बा देवा म्हाराजा, माज्या जावयान ह्यो कॉम्प्युटर हाडलो आसा. तो बिघडलो तरी चलात, पण जावयाचा डोक्या ठिकाणार ठेव रे म्हाराजा."

मागून सगळ्यांचं "व्हय म्हाराजा."

योगिनीने डोळे पुसले आणि ते पुन्हा लावलं. या वेळी मी नीट ऐकलं. त्यात सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणणारा मीच होतो.