मुरड खोटं बोलत न्हाई

कोल्हारला आमच्या शेजारी राहणारे शांतवनकाका करंजी आधी वाचतात, मग खातात. चष्मा नाकाच्या टोकावर, करंजी उजेडाकडे, कडेच्या मुरडीवरून हळूच एक बोट, की लागला निकाल. "ही आमच्या सुधीरची. घाईत केलीय, टीव्हीवर मॅच असंल. आन् ही गुरुजींची. करंजी न्हाई ही, अपघात हाय!"

गुरुजी म्हणजे मी.

काकांची सारी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची गाडी लांबून पाहून ते टनांचा अंदाज सांगायचे. निवृत्तीनंतर ती नजर नाताळच्या फराळावर उतरली. "मुरड खोटं बोलत न्हाई," हे पालुपद तेव्हापासूनचं.

मी बदली होऊन इथं आलो त्या वर्षी, नाताळच्या आधी, त्यांची वाटी परत करायला गेलो होतो. ओटीवर सगळं घर करंज्यांना बसलेलं. मार्थाकाकूंनी विचारलं, "मुरड घालता येती का, गुरुजी?" मी म्हणालो, "त्यात काय!" माझ्या आयुष्यातले निम्मे घोटाळे या दोन शब्दांनी सुरू झालेत. माझी पहिलीच करंजी कढईत फुटली, सारण तेलभर पसरलं आणि अख्खा घाणा काळा झाला. काकूंनी पदरात तोंड लपवलं. काकांनी कायदा सांगितला, "फुटकी ज्याची, त्यानं खायची." त्या दिवशी मी अकरा खाल्ल्या.

पुढच्या वर्षी मी शहाणपणा केला. माझ्या करंज्या गुपचूप काकूंच्या ढिगात सरकवल्या. काकांनी मिनिटभरात सगळ्या वेचून काढल्या. काकू डावखुऱ्या होत्या. "साऱ्या जगाची मुरड एकीकडं पळती, हिची उलटी. तुमची सुलटी हाय, गुरुजी. नापास!"

तेव्हापासून नाताळच्या सकाळी काकूंच्या घरातून निघणारं पहिलं ताट आमच्याकडे यायचं. विणलेल्या रुमालाखाली शेव, शंकरपाळी आणि सगळ्यात वर काकूंची उलट्या मुरडीची करंजी. ती असल्याशिवाय ताट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा काकांचा दुसरा कायदा.

मग दिवस पालटत गेले. कामट्यांची चांदणी जाऊन लुकलुकणारी प्लॅस्टिकची आली. मुरडीच्या जागी कातण आलं, कातणामागून साचा. साच्यावर काकांचा फार राग. "झेरॉक्स हाय ती! माणूस कुठाय तिच्यात?" त्यांचा मुलगा सुधीर पुण्याला गेला. आणि तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतर दोन नाताळ काकांनी चांदणी लावली, पण ताट काही निघालं नाही.

यंदा सुधीरनं पुण्याहून तयार फराळाचा डबा पाठवला. काकांनी माझ्यासमोरच उघडला. एक करंजी पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. झाकण लावलं.

"कुणाचीच न्हाई," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून हाक आली, "गुरुजी, लाटणं घिऊन या. यंदा ताट निघायला पायजे."

आम्ही दोघंच बसलो. मी लाटायचो, सारण भरायचो. निम्म्यांना मुरड मी घालायचो, निम्म्यांना ते, माझ्याकडे पाठ करून. त्यांची एकही करंजी धड नव्हती. एकीचं पोट उघडं, दुसरीचं नाक वाकडं, कढईत टाकली की फुटलीच. माझ्या मात्र, वीस वर्षांच्या सरावानं, ठणठणीत. असा मोका मी सोडतो काय?

"काका, मुरड खोटं बोलत न्हाई बरं का!"

ते आणखीच भिंतीकडे वळून बसले. मला चेव आला. "राहू द्या, तुमच्याही मीच करतो."

"तुमी तुमचं बघा!" एवढ्या जोरात ओरडले की माझ्या हातातलं सारण सांडलं. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, "काका थकले गं. हात चालत नाहीत आता त्यांचे."

नाताळच्या सकाळी ताट आलं. तोच विणलेला रुमाल. शेव, शंकरपाळी, माझ्या करंज्या आणि सगळ्यात वर एक वेडीवाकडी, कडेला फुटता फुटता राहिलेली. मी हसून ती बाजूला ठेवणार, तेवढ्यात बायकोनं हात धरला.

"अहो, हिची मुरड बघा."

मुरड उलटी पळत होती.

उजव्या हातानं जन्मभर काटा सांभाळलेला माणूस माझ्याकडे पाठ करून दिवसभर डाव्या हातानं मुरडी घालत होता, आणि मी त्याला नापास करत होतो.

रिकामं ताट परत द्यायचं नसतं म्हणून त्यात तिळाच्या वड्या ठेवून मी गेलो. काका ओटीवर बसले होते. पुढ्यात थाळीभर फुटक्या करंज्या. स्वतःचा कायदा निमूटपणे खात होते.

"सलाम, गुरुजी," म्हणाले. मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता, "वरची कुणाची वाटली?"

"काकूंची," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा पुन्हा पुसला.

"मुरड खोटं बोलत न्हाई," पुटपुटले. आणि चष्मा नाकावर चढवत, "आज बोलली बाबा थोडं."

मी शेजारी बसलो आणि थाळीतली एक फुटकी उचलली. कायदा मोडला, तरी काकांनी थाळी माझ्याकडे सरकवली.