एकावर येऊ द्या

कादरभाईच्या दुकानात पंक्चर काढायला जायचं तर घरून जेवून निघावं लागायचं. पंक्चर तो चटकन काढायचा, त्याबद्दल तक्रार नाय. पण तेवढ्यात दुसरी सायकल आली की संपलं. दोन्ही सायकली उलट्या उभ्या करायचा, मागची चाकं फिरवून सोडायचा आणि मधोमध उकिडवा बसायचा. दोन चाकांची दोन तऱ्हेची टिकटिक. ती चालता चालता जवळ यायची, लांब जायची, आणि कधीतरी क्षणभर अगदी एक व्हायची. मग कादरभाई मान हलवायचा. "आया. एकावर आलं." नाय आलं तर पुन्हा चाकं फिरवायची. गिऱ्हाईक कचेरीची घाई सांगायचं, तर म्हणायचा, "साब, कचेरीला कुठं चाकं हायेत? तिथंच ऱ्हाती ती."

पोलीस ॲक्शननंतर चार-दोन वर्षांनी मी देवगाव रंगारीहून औरंगाबादेत आलो, मोंढ्यात पोती उचलायला. शाळा दुसरीपर्यंत. त्यातही मास्तर निम्मे दिवस नसायचे, म्हणजे माझा दोष निम्माच. गुलमंडीच्या मागच्या बोळात कादरभाई माझा शेजारी. मला पाटील म्हणायचा. माझ्या घराण्यात कुणी पाटील झालेलं नाय, पण माणूस प्रेमानं म्हणतो तर त्याला कशाला तोडा?

लग्नसराईत आमची वाजवायची पार्टी होती. कादरभाईचा ताशा, माझा ढोल आणि मोंढ्यातल्याच पिराजीचा ढोल. दुसऱ्या पार्ट्या सिनेमाची गाणी वाजवायच्या, नाचायच्या, उड्या मारायच्या. आमच्याकडं गाणं नाय, उडी नाय. एकच ठेका, तिघांचा मिळून. तो बराच वेळ चालला की कादरभाई गपचीप एक ठोका पुढं सरकायचा. आम्ही दोघं जागेवर. मग तिघांच्या ठोक्यांतून असला काही आवाज निघायचा, जो आमच्यापैकी कुणीच वाजवत नसायचं. थोड्या वेळानं आणखी एक ठोका पुढं. असं सरकत सरकत फेरा पुरा करून तो पुन्हा आमच्याबरोबर यायचा. एकावर आलं की थांबायचं, त्याआधी नाय.

"तेच तेच काय वाजवता ओ?" लोक विचारायचे.

"तेच कुठंय? तुमचा कानच तिथल्या तिथं बसलाय," कादरभाई म्हणायचा. आणि मला सांगायचा, "पाटील, तू हिलना नक्को. तू खुंटा है."

खुंटा म्हणल्याचा मला आधी राग आला. मग विचार केला, खुंटा नसंल तर बैल फिरंल कुणाभोवती? माझा ढोल कधी हलला नाय. ही बढाई नाय. पिराजीला विचारा. तो लई हलायचा.

आमच्याकडं चाल अशी की वाजंत्री थांबल्याबिगर नवरदेव घोड्यावरून उतरत नाय, आणि नवरीची गाडीबी हलत नाय. ही चाल ज्यानं पाडली त्यानं कादरभाईला पाहिलेलं नसणार.

पाचोडच्या लग्नात त्याचा प्रत्यय आला. वरात मांडवापाशी पोचली, भटजी अक्षता घेऊन उभे, बाशिंगाखाली नवरदेव घामानं निथळतोय. आणि आमचा ताशा फेऱ्याच्या मधोमध.

"ओ वाजंत्री, आवरा. मुहूर्त चाललाय," नवरीचा मामा म्हणाला.

कादरभाईचे डोळे मिटलेले. वाजवताना ते मिटलेलेच असायचे. "मामा, एकावर येऊ द्या."

मुहूर्त निघून गेला. घोडंसुद्धा शेवटी बसायला बघत होतं. त्या लोकांनी आम्हाला जेवू घातलं, कारण मराठवाड्यात कुणाला उपाशी धाडत नाहीत, पण पत्रावळीशेजारी पाण्याचा तांब्या काय ठेवला नाय. त्या बाजूची सुपारी पुन्हा आली नाय.

कादरभाईला एकच लेक, नसीम. आई लहानपणीच गेली, पोर त्या दुकानातच वाढली. तिचं लग्न जालन्याला ठरलं. पाचोडची कीर्ती जालन्यापर्यंत पोचलेली. व्याही म्हणाले, "ताशा बजाओ, हौ. लेकिन दिन डूबने के पहले हमकू निकलना है."

"जबान देता," कादरभाई म्हणाला.

बोळात कुणाचा विश्वास बसला नाय. पोरीच्या लग्नात हा शोभा करणार, तिला सासरी जन्मभर ऐकावं लागणार, असं जो तो म्हणत होता. बाया मला येऊन सांगून गेल्या, "दादा, वेळ आली तर काड्या काढून घ्या हातातल्या."

निकाह झाला. कादरभाईनं इतकं आटोपशीर वाजवलं की मला लाज वाटली. मग दाराशी जीप लागली. नसीम आत बसली. सूर्य अजून हातभर वर. एकच फेरा, असं ठरलं.

ताशा सरकत गेला. फेरा पुरा होत आला. आता एक ठोका, की एकावर. आणि कादरभाई एकदम दोन ठोके सरकला. पार पुढं निघून गेला. पिराजीनं माझ्याकडं पाहिलं. मी कशाला हलतोय?

पुन्हा फेरा, पुन्हा शेवटाला तेच. व्याही घड्याळाकडं बघायला लागले. "कादरभाई, जबान दी थी."

तिसऱ्यांदा तो निसटला तेव्हा मी मान वर केली. चुकत नव्हता तो. डोळे सताड उघडे होते, आणि जीपवर होते.

मी त्याच्या काड्यांना हात लावला नाय. काड्या काढून घ्या म्हणणाऱ्या बायाबी आता पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

तेवढ्यात नसीम जीपमधून उतरली. नवरीनं उतरू नाय, म्हणून कुणी ओरडलं. ती बापाशेजारी येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर ओढणी, बोलणं हळू. "अब्बा, मैं पूरा सुनके जाती. आन दो."

कादरभाईनं तिच्याकडं पाहिलं नाय. ताशाकडं पाहिलं. चौथा फेरा शेवटाला आणला. एक ठोका सरकला, थोडा थांबला, आणखी एक सरकला. आणि तिघांचा ठोका एकावर पडला. काड्या थांबल्या. लेक गाडीत बसली, गाडी हलली.

बोळात धूळ खाली बसली. सूर्य कधीच बुडाला होता, घरोघर दिवे लागले होते. पिराजीनं ढोल उतरवला आणि व्याह्यांना लई उशीर झाला असं काहीतरी पुटपुटला.

कादरभाई जीप गेली त्या वळणाकडं बघत होता.

"नाय रे," तो म्हणाला, "आज लई लवकर आलं."