कॉलेज येणार म्हणून मागून आणलेला सोफा

जून लागला की आमच्या गावात कॉलेजं मुलं बघायला घरी येतात. चालतच येतात, कारण इमारतीला एसटीत जागा मिळत नाही. आदल्या दिवशी वीज मंडळाची माणसं तारा उंच बांधून जातात, नगरपालिका हातगाड्या हलवते आणि ज्यांच्या दारी कॉलेज येणार त्यांनी अंगणात सडा घालायचा, अशी पद्धत आहे.

माझं काम घरच्यांची तयारी करून घेण्याचं. लोक मला तोंडावर शैलाताई म्हणतात आणि पाठीमागे खवीस. म्हणोत बापडे. कुठल्या कॉलेजला बोलवायचं, त्याला काय विचारायचं, फी माफ कशी करून घ्यायची, हे सगळं मी सांगते. फीमाफीचा नियम साधा आहे. कॉलेज खिडकीतून घरात डोकावतं आणि जे दिसेल त्यावरून ठरवतं. म्हणून मी घसा कोरडा करून सांगते, बायांनो, घर जसं आहे तसं राहू द्या. पण पाहुणा येणार म्हटलं की आमच्या लोकांच्या अंगात येतं. शेजारचे कप येतात, कुणाचा तरी गालिचा येतो, कुणाचा टीव्ही येतो. कॉलेज ते बघतं, पूर्ण फी लावतं आणि चालू पडतं. मग हीच मंडळी माझ्याकडे रडत येतात.

विजया कासारला तर मी निक्षून बजावलं होतं. विजया आठवडी बाजारात बायकांना बांगड्या भरते. नवरा गेल्यापासून घर तिच्यावरच. तिच्या समीक्षाला नर्स व्हायचं होतं आणि पोरगी होतीही तशी, शांत आणि धीराची. फी माफ झाली तर कॉलेज, नाही तर आईशेजारी बाजारात बसायचं, असं मायलेकींचं ठरलं होतं. कर्ज काढायचं नाही म्हणजे नाही, यावर विजया अडून बसलेली.

कॉलेज यायच्या दिवशी मी तिच्या दारात पाऊल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं. एवढ्याशा खोलीत शेजारच्या पिसाळ वहिनींचा मरून रंगाचा सोफा आणि त्याला खेटून शेटे गुरुजींचा दोन दारांचा फ्रिज!

"विजे, हे काय गं?"

"ताई, पहिल्यांदाच आपल्याकडे येतंय. गोणपाटावर बसवू का त्याला?"

"अगं, ते बसणार आहे का? दोन मजली आहे ते!"

"म्हणून काय झालं? आपली रीत आपण सोडायची का?"

"मी सांगून दमले, ताई," समीक्षा म्हणाली. "सहा वाजेपर्यंतच आणलंय म्हणते."

मी फ्रिजला हात घातला. एकटीनं तो हलेना आणि विजया हात लावेना. शेवटी दोघी तोंडं फिरवून बसलो.

कॉलेजला उशीर झाला. पुलावर वजनाची अट असल्यामुळे त्याला नदीतून उतरून यावं लागलं. सहाच्या सुमाराला ते गल्लीच्या तोंडाशी दिसलं, नर्सिंगचं, लाल पत्र्याचं, पायाशी सगळा चिखल. विजया तांब्या घेऊन धावली आणि तिनं त्याच्या पायरीवर पाणी घातलं. "या," म्हणाली. "वाटेत त्रास नाही ना झाला?"

"नाही," कॉलेज म्हणालं. मग ते जरा वाकलं आणि खिडकीतून आत बघू लागलं.

"सोफा चांगला आहे."

"हो," विजयानं मान ताठ केली.

"फ्रिजही मोठा आहे. मग फीमाफी कशाला हवी?"

त्यानं सरळ मनानं विचारलं होतं. समीक्षा भिंतीला टेकून खाली बघत राहिली.

तेवढ्यात पिसाळ वहिनी दोन्ही मुलांना घेऊन हजर. "विजया, सहा वाजले गं! आमचे जावई आलेत आणि घरात टेकायला जागा नाही." सोफा उचलला गेला. कॉलेजनं अंग चोरून वाट दिली. पाठोपाठ शेटे गुरुजी आले. "दूध नासतंय हो आमचं," म्हणत त्यांनी फ्रिज नेला. खोलीत गोणपाट, स्टोव्ह आणि बांगड्यांची पेटी उरली. कॉलेज सगळं बघत होतं.

विजयानं पदर तोंडाला लावला आणि ती रडायलाच लागली. "माझ्या पोरीला कुणी हलक्या घरची समजू नये, एवढंच वाटलं हो मला."

कॉलेजनं तिला रडू दिलं. मग समीक्षाला विचारलं, "रक्त बघून घाबरतेस का?"

"नाही. आईच्या हातात सारख्या काचा घुसतात. मीच काढते."

"दुखतं का तिला?"

"दुखतं. म्हणून मी बोलत बोलत काढते."

"फी पूर्ण माफ," कॉलेज म्हणालं. "वसतिगृहसुद्धा."

मला इतका आनंद झाला, की मी विजयाच्या पाठीत धपाटाच घातला.

निघताना कॉलेज विजयाला म्हणालं, "मी तुमचं घर पाहिलं. तुम्ही मला आतून पाहिलंच नाही."

विजयाची शाळा सातवीत सुटलेली. ती पायरीपाशी घुटमळली, चपला काढल्या, पदर सारखा केला आणि आत गेली. खिडकीतून आम्हाला ती दिसत होती, पहिल्या बाकावर, हात मांडीवर ठेवून. मागे रिक्षा तुंबल्या. नगरपालिकेचा माणूस शिट्टी मारत आला, "अहो, हलवा की!"

"जरा थांबा," कॉलेज म्हणालं. "बाई बसल्यात."

बाहेर आली ती थेट स्टोव्हकडे, पाहुण्यांचा चहा राहिला म्हणून. पोर्चमध्ये कप ठेवायची पद्धत आहे, तसा ठेवला. मग कॉलेज निघालं, आणि विजयाच्या चपला पायरीवर तशाच गेल्या.

ऑगस्टमध्ये ती समीक्षाला सोडून आली, तेव्हा मी विचारलं, "चपला सापडल्या का?"

"तिथंच होत्या, पायरीवर."

"मग आणल्या का नाहीस? बावळटच आहेस!"

"राहू द्या, ताई," विजया म्हणाली. "दारात दिसल्या की पोरीला वाटेल, आई आतच आहे."